आमचं छोटं मासिक : वाचणाऱ्यांचे आणि लिहिणाऱ्यांचे अनुभव

फादर फ्रान्सिस दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले, तेव्हा त्यांच्याविषयी पुष्कळ लिहून आलं. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, हरित वसईच्या लढ्याचे नेते, बायबल सोप्या मराठीत आणणारे. सगळं खरं. आमच्या घरात मात्र ते आधी 'सुवार्ता'चे संपादक होते. १९८३ ते २००७ हे मासिक त्यांच्या हाती होतं. त्या काळात कॅथलिक समाजाच्या या मासिकाला वसईबाहेरचे, ख्रिस्ती नसलेले वाचकही मिळाले.

अशा मासिकांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मासिक धार्मिक आहे म्हटलं की साहित्यातली मंडळी ते न उघडताच बाजूला ठेवतात. मला हे पटत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी माणसांनी स्वतःचं नाव पहिल्यांदा छापलेलं पाहिलं ते अशाच एखाद्या मासिकात. शेतकरी, परिचारिका, शिक्षिका, गिरणीतून निवृत्त झालेले लोक. त्यांच्याकडे लेख मागायला दुसरं कोण जाणार होतं?

म्हणून हा धागा. सुवार्ता, निरोप्या, ज्ञानोदय किंवा तुमच्या धर्मापंथाचं कुठलंही लहान मासिक चालेल. वाचलं असेल, त्यात लिहिलं असेल, वर्गणी गोळा केली असेल, रॅपर चिकटवले असतील, सगळं सांगा. लिहायची सवय नसली तरी अवश्य लिहा.

गास, वसई

माझं शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन वाडीत आले. घरची माणसं पहाटेच्या गाडीने भाजी आणि फुलं घेऊन दादरला जायची, मागे मी आणि सासूबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती. सुवार्ताचा अंक आला की रात्री जेवणं आटोपल्यावर मी मोठ्याने वाचायचे आणि त्या लसूण सोलत ऐकायच्या. संतांची चरित्रं त्यांना फार आवडत, त्यातही गरिबाघरच्या संतांची. मध्येच थांबवून विचारायच्या, "तिची आई काय म्हणाली गं?" चरित्रात आईचं काही लिहिलेलंच नसायचं. मग आम्ही दोघी त्यावर बोलत बसायचो.

त्यांचं अर्धं आयुष्य लॅटिन मिस्सा, म्हणजे देवळातली रविवारची उपासना, ऐकण्यात गेलं होतं. शब्द पाठ, अर्थ काही नाही. कॅथलिक चर्चची मोठी धर्मसभा, दुसरी व्हॅटिकन परिषद, १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि मग हळूहळू उपासना मराठीत आली. त्या सांगायच्या, "फादर काय म्हणतात ते पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी देवळातच रडले." हे मी मुलाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून काढलं आणि कुणाला न सांगता पाठवून दिलं.

काही आठवड्यांनी पोस्टकार्ड आलं. लेख घेत आहोत, पण शेवटचा परिच्छेद उपदेशाचा झाला आहे, तो काढला तर चालेल का, असं विचारलं होतं. मला विचारलं होतं! घरात नवं कपाट घ्यायचं तरी मला कुणी विचारत नसे. मी उलट टपाली 'काढा' म्हणून कळवलं. लेख छापून आला तेव्हा सासूबाईंना मीच वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी अंक पदरात गुंडाळून शेजारी घेऊन गेल्या, तिथून पुढच्या घरी, आणि संध्याकाळपर्यंत आळीभर फिरून आल्या. रविवारी मिस्सेनंतर दुसऱ्या गावची एक बाई मला शोधत आली. तिच्याही सासूचं असंच झालं होतं, ती सांगत होती आणि डोळे पुसत होती.

त्यानंतर मी लिहीत राहिले. फार नाही, वर्षाकाठी एखादा लेख. पण देवळात प्रभुशब्दाचं वाचन करायला उभं राहायचं धैर्य मला त्या पहिल्या लेखाने दिलं. आज माझी नात पत्रकारितेचा अभ्यास करते आहे. तिला मी ते पोस्टकार्ड दिलंय, सांभाळून ठेव म्हणून.

विरार

मी हिंदू आहे. मराठीचा शिक्षक होतो, आता निवृत्त आहे. शिक्षकखोलीत एक सहकारी सुवार्ता आणायचे. मी तो आधी उत्सुकतेपोटी चाळला आणि नंतर स्वतःची वर्गणी भरली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईत पाण्याचा प्रश्न पेटला होता. विहिरींचं गोडं पाणी टँकरने बांधकामांकडे जात होतं आणि वाड्यांमधल्या विहिरी खाऱ्या होऊ लागल्या होत्या. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती याच काळात. आपल्या श्रद्धेत विहिरीचं पाणीही येतं, हे त्या वातावरणात वाढलेल्या ख्रिस्ती तरुणांना पटलेलं होतं. मला ते फार मोलाचं वाटलं. ईस्टरआधीच्या उपवासकाळाविषयीचं चिंतन वाचताना मला आमची एकादशी आठवायची आणि दोन्हींत काय सारखं, काय वेगळं, यावर आम्ही शिक्षकखोलीत वाद घालायचो.

त्याच वाचनातून मी मुलांना बावखळांच्या नोंदी करायला लावल्या. बाहेरच्यांसाठी सांगतो. वसईच्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची तळी असतात, त्यांना बावखळ म्हणतात. पावसाचं पाणी त्यांत साठतं, जमिनीत मुरतं आणि विहिरी जिवंत राहतात. पूर्वी रहाटाने हेच पाणी बागांना द्यायचे. मुलांनी आपापल्या आळीतली बावखळं मोजली, बुजवलेली किती तेही लिहिलं. मुलांच्या त्या वह्या माझ्याकडे अजून आहेत.

श्रीरामपूर तालुका

आमच्याकडे निरोप्या यायचा. १९०३ साली हेन्री डोरिंग या जेसुइट संघाच्या जर्मन कॅथलिक धर्मगुरूंनी सुरू केलेलं हे मासिक. माझे आजोबा गावात धर्मशिक्षण द्यायचे, लोक त्यांना मास्तर म्हणत. वस्तीवर अंक एकच येई, तो मास्तरांच्या नावाने. संध्याकाळी लिंबाखाली कंदील ठेवून ते वाचायचे. ऐकणाऱ्यांत शेतमजूर होते, साखर कारखान्यात जाणारे होते. शाळेत ज्यांना बाहेर बसवलं गेलं होतं अशी माणसं होती ती. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा मराठीतलं काहीतरी छापून येतंय आणि ते आपल्याला उद्देशून लिहिलंय, ही गोष्टच नवीन होती.

वर्षाची वर्गणी आजोबा सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला भरायचे. घरात पैशाची ओढाताण असायची, पण ते पैसे वेगळ्या पुरचुंडीत ठेवलेले असत आणि आजी त्यांना हात लावू देत नसे. एका दुष्काळी वर्षी वस्तीतल्या बायकांनीच अंडी विकून ती पुरचुंडी भरली, हे मला आजीने सांगितलं.

दोहा, कतार

आई दर महिन्याला पानांचे फोटो पाठवते. अर्धं पान कापलेलं, कडेला तिचा अंगठा. मी मेट्रोत वाचतो. पहिल्यांदा बघतो ते स्मृतिदिनाच्या जाहिराती, कारण गावातलं कोण कधी गेलं ते इथे राहून असंच कळतं.

पुणे

मी मुद्रितं, म्हणजे छपाईची प्रुफं, तपासायचो. छापखाना छोटा होता, त्यात लग्नपत्रिकांपासून ख्रिस्ती मासिकापर्यंत सगळं यायचं. मी ब्राह्मणाघरचा, बायबल कधी हातात धरलं नव्हतं. सुरुवातीला मत्तय, हबक्कूक, थेस्सलनीकाकर ही नावं जुळवताना कंपोझिटर आणि मी दोघेही घामाघूम व्हायचो. वचनांचे आकडे तर फार जपून बघावे लागत. अध्याय पाच, ओवी तीन ते बारा असं असेल आणि एक आकडा इकडचा तिकडे झाला, तर वाचक बायबल उघडून बसलेलाच असतो, लगेच पत्र येतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट भाषांतरांत शब्द वेगळे असतात हेही मला पत्रांतूनच कळलं. इतक्या बारकाईने वाचणारे वाचक मी मोठ्या साप्ताहिकांनाही पाहिले नाहीत.

टपालाची तारीख हा मोठा घोर असे. नोंदणीकृत नियतकालिकाला टपालाची सवलत मिळते, पण अंक ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या कचेरीतच टाकावा लागतो. आदल्या रात्री संपादक धर्मगुरू, दोन सिस्टर आणि वसतिगृहातली मुलं छापखान्यात येऊन बसायची. पत्त्यांच्या चिठ्ठ्या, खळ, पिनकोडप्रमाणे गठ्ठे. कंदमुळांची भाजी आणि पाव यायचा मठातून. फादर स्वतः सुतळी बांधायचे आणि गाठ मारताना एखाद्या वर्गणीदाराचं नाव दिसलं की त्याची विचारपूस करायचे: ह्यांच्या मुलाची नोकरी लागली का, ह्यांचं ऑपरेशन झालं का. त्यांना प्रत्येक पत्त्यामागचं माणूस ठाऊक होतं. छपाईचे खिळे गेले, संगणक आला, माझं कामही संपलं. तरी मासिक मी बंद केलेलं नाही. घरपोच येतं आणि मी ते पेन्सिल हातात धरूनच वाचतो.

अहिल्यानगर

माझं संशोधन ज्ञानोदयावर आहे, त्यामुळे माझा अनुभव थोडा कागदी वाटेल. १८४२मध्ये अमेरिकन मिशनने अहमदनगरहून हे नियतकालिक सुरू केलं. कवी नारायण वामन टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचं संपादन केलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्याबद्दल दुमत नाही, आणि त्यातला हिंदू धर्मावरचा काही मजकूर आज वाचताना बोचतो. ते लपवायचं कारण नाही.

पण याच पानांवर १८५५मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाईचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध दोन अंकांत छापला गेला. एका मातंग मुलीने आपल्या लोकांवरच्या अन्यायाचा जाब मराठीत विचारला आणि तो छापायला एक लहान मिशनरी पत्र तयार झालं. मुक्ताबाईचं दुसरं लेखन आपल्या हाती नाही. ज्ञानोदयाने ते छापलं नसतं तर तो आवाजच आपल्यापर्यंत पोहोचला नसता. तो मजकूर ग्रंथालयात वाचला तेव्हा पुढचं पान उलटायला मला बराच वेळ लागला. या धाग्यावर ज्या ताई सातवीपर्यंत शिकून लिहीत राहिल्या, त्यांचा अनुभव वाचताना मला मुक्ताबाईच आठवली.

दिमोना, इस्रायल

ख्रिस्ती मासिकांच्या धाग्यात आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, चालू का? इथे 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक निघतं. माझा जन्म पनवेलचा. लहानपणी आईवडिलांबरोबर इथे आलो. शाळेत हिब्रू, बाजारात हिब्रू, लष्करात हिब्रू. मराठी राहिली ती आईच्या स्वयंपाकघरात आणि या अंकात.

आम्ही कोकणातून आलेले लोक सणांना आमच्या नावांनी ओळखतो: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. तिशा बाव म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेल्याच्या शोकाचा दिवस. त्या दिवशीचा उपास सोडताना आमच्याकडे वालाचं बिरडं करतात. माझ्या मुलांना हे चमत्कारिक वाटायचं, कारण त्यांच्या मित्रांच्या घरी कुणी असं करत नव्हतं. मग मी आईकडून सगळं विचारून घेतलं. वाल किती वेळ भिजवायचे, मोड कधी आले म्हणायचे, सोलताना कोण काय गायचं. एलियाहू हनाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने मलिद्याचा नैवेद्य कसा करायचा, त्यात पोहे, खोबरं आणि फळं कशी मांडायची, तेही. लिहून पाठवलं. छापून आल्यावर लोद, अश्दोद, बीरशेबा अशा गावांतून फोन आले. एका आजींनी फोनवर गाण्याची राहिलेली ओळ म्हणून दाखवली. मी ती लिहून घेतली. माझी आई आता नाही. ती ओळ तिलाही येत नव्हती.

निर्मळ, वसई

माझा अनुभव वेगळा आहे. लग्नांतला खर्च आणि दारू यावर मी तिखट पत्र लिहिलं होतं आणि त्यात आपल्या चर्चच्या फेस्तांतल्या (सणांतल्या) रोषणाईवरही बोललो होतो. मला वाटलं होतं, साभार परत येणार. पत्र छापलं गेलं, पूर्ण. पुढच्या अंकात माझ्यावर चार जणांनी टीका केली, तीही पूर्ण छापली. त्यातल्या एका टीकाकाराशी माझी नंतर चांगली मैत्री झाली. चर्चचं मासिक असूनही चर्चवरचा राग त्यात मावला, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

नाशिक, ग्रंथपाल

सगळे अनुभव वाचले. मला एक काम सांगायचंय. ही मासिकं मोठ्या ग्रंथालयांत सलग मिळत नाहीत. जे अंक आहेत ते घराघरांत आहेत, आणि जुनी घरं पाडताना ते रद्दीत जातात. कुणाकडे १९८०च्या आधीचे कुठलेही अंक असतील तर कृपया रद्दीवाल्याला देऊ नका. ओलसर असतील तर उन्हात ठेवू नका, सावलीत पंख्याखाली सुकवा. स्टेपलच्या पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा, रबरबँड लावू नका. मुखपृष्ठ फाटलं असलं तरी चालेल. महिना आणि वर्ष दिसणारं पान मात्र जपा. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने बुक पोस्ट बंद केल्यापासून एकेक अंक पाठवणं महाग पडतं, म्हणून गावातल्या चार घरांचे अंक एका गठ्ठ्यात बांधून पाठवलेले बरे. स्कॅन करून मूळ अंक परत करू. कुणाकडे काय आहे ते इथेच खाली लिहा, मी यादी करायला घेतली आहे.