दप्तर : मराठीने अर्थ चुकवला की घडवला?

पाटीपेन्सिल

आमच्या वाचनालयातली काही मंडळी मुलांसाठी शब्दार्थांची छोटी पुस्तिका करत आहेत. फार्सीतून आलेल्या शब्दांच्या पानावर एक नोंद आहे : ‘दप्तर – मूळ अर्थ कार्यालय. मराठीत चुकीच्या अर्थाने, शाळेची पिशवी.’ यातल्या ‘चुकीच्या’ या शब्दाला माझा विरोध आहे.

कार्यालय हा मूळ अर्थ नाहीच. बहुतेक अभ्यासक हा शब्द ग्रीकपर्यंत नेतात. तिथे ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेवलंय की आयोनियातले ग्रीक पपायरसच्या पुस्तकांनाही ‘कातडी’च म्हणतात, कारण पपायरसची टंचाई असताना ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत. तिथून पश्चिम आशियातल्या भाषांमधून फिरत तो अरबी-फार्सीत ‘दफ्तर’ झाला. अरबीत दफ्तर म्हणजे वही. तुर्कीत ‘देफ्तेर’, तीही वही. उझबेक आणि ताजिकमध्येही वहीच. फार्सीत वही आणि ऑफिस दोन्ही, शिवाय ग्रंथाचा खंड : रूमी या कवीच्या ‘मसनवी’ या दीर्घकाव्याच्या सहा भागांना सहा दफ्तर म्हणतात. बंगालीत ‘दप्तर’ म्हणजे सरकारी खातं, पण ‘दप्तरी’ म्हणजे पुस्तकं बांधणारा कारागीर. ‘कार्यालय’ हा एकच अर्थ पक्का धरून बसलेली आपल्याजवळची भाषा हिंदी.

मूळ अर्थापासून हलणं ही चूक असेल तर कातड्याला दप्तर न म्हणणारे सगळेच चुकलेत. स्वतः ग्रीकही. उस्मानी राज्यात त्यांनी हाच शब्द तुर्कीतून ‘तेफ्तेरी’ असा परत घेतला आणि वाण्याकडच्या उधारीच्या वहीला लावला. आपल्याच आजोळचा शब्द परक्या वेशात घरी आला आणि त्यांनी नव्या अर्थाने ठेवून घेतला. त्यांना कोणी चूक म्हणत नाही.

मला खटकतं ते हे की आपण हिंदीतल्या अर्थाला ‘मूळ’ म्हणतो आणि स्वतःच्या अर्थाला अपभ्रंश. ही सवय मुलांच्या पुस्तकात जाऊ नये.

नागपूरकर

ताई, माहिती उत्तम, निष्कर्षाशी असहमत. मी हिंदी-मराठी दोन्हीकडून अनुवाद करतो आणि रोज याच शब्दांपाशी अडतो. शिक्षा, खाली, चेष्टा, राग. हिंदीत ‘चेष्टा’ केली म्हणजे प्रयत्न केला, मराठीत टिंगल केली. हिंदी बातमीत ‘दफ्तर में आग’ असतं आणि घाईत काम करणारा नवखा अनुवादक ‘दप्तराला आग’ लिहून मोकळा होतो.

अर्थ बदलतो हे मान्य. पण बदलाला किंमत असते आणि ती कोणीतरी मोजतो. दिल्लीपासून लाहोरपर्यंत, लखनौपासून हैदराबादेपर्यंत कोट्यवधी लोक एका शब्दाने कार्यालय समजतात. आपण एकट्यानेच त्याची पिशवी केली, तर शेजाऱ्यांशी बोलण्याचा एक धागा तुटला. ‘चुकीच्या’ हा शब्द कठोर आहे, तो काढा. पण ‘मराठीने घडवला’ असं कौतुक करण्याजोगंही यात काही दिसत नाही. कोणीतरी ऐकण्यात गफलत केली आणि ती रुळली, एवढंच असेल.

पाटीपेन्सिल

@नागपूरकर, आपण एकटे नाही. गुजराती मुलंही ‘दफतर’च पाठीला लावून शाळेत जातात. आणि त्याच गुजरातीत सरकारी अभिलेखागाराला ‘दफतर भंडार’ म्हणतात. दोन्ही अर्थ शेजारी शेजारी सुखाने नांदतायत. दोन भाषा एकाच दिशेने गेल्या असतील तर त्याला गफलत म्हणून कसं सोडून द्यायचं? काहीतरी कारण असणार.

अनुवादकाची अडचण खरी आहे. पण ती अनुवादकाने सोडवायची. त्यासाठी चौथीतल्या मुलीला तिच्या आईची भाषा चुकीची आहे असं का सांगायचं?

जाकार्तावासी

इथल्या अनुभवाची भर घालतो. इंडोनेशियन भाषेत ‘दाफ्तार’ म्हणजे यादी. कुठेही नाव नोंदवायचं असेल की ‘पेन्दाफ्तारान’, म्हणजे नोंदणी. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘दाफ्तार इसी’, म्हणजे अनुक्रमणिका. आणि शेवटी संदर्भग्रंथांची यादी, तिला म्हणतात ‘दाफ्तार पुस्ताका’. मराठी माणसाला वाटेल दप्तरातलं पुस्तक! एक शब्द अरबीकडून आलेला, एक संस्कृतकडून, आणि दोघे मिळून तिसरंच काही सांगतात.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्वाहिलीत ‘दफ्तारी’ म्हणजे वही किंवा नोंदवही. टांझानियात मतदारयादीसाठी अधिकृत शब्द दफ्तारीच आहे.

या सगळ्यात लिहिलेला कागद समान आहे. मराठीत मात्र कागद राहिला बाजूला आणि पिशवी उरली. त्यामुळे मी थोडा नागपूरकरांच्या बाजूने. बाकीच्या भाषांनी अर्थ ताणला, मराठीने सोडून दिला असं वाटतं.

मोडीवाचक

जाकार्तावासी आणि नागपूरकर या दोघांनाही प्रचंड असहमती. मराठीने कागद सोडलेला नाही. तुम्ही शाळेच्या फाटकाशी थांबलात म्हणून तसं दिसतंय.

पुण्यात पेशवे दप्तर आहे. मराठेशाहीचे मोडीतले कागद तिथे आहेत. रियासतकार सरदेसायांनी त्यातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात प्रसिद्ध झाले, ते ‘पेशवे दप्तर’ याच नावाने ओळखले जातात. पेशव्यांच्या सचिवालयाला हुजूर दप्तर म्हणत आणि त्यात ‘चालते दप्तर’ नावाचं एक खातंच होतं. म्हणजे कार्यालय हा अर्थसुद्धा मराठीत होता. दप्तरदार हा अधिकारी होता. उस्मानी साम्राज्यात खजिन्याच्या प्रमुखाला ‘देफ्तेरदार’ म्हणत. इस्तंबूल आणि पुणे, दोन्हीकडे हिशेबाचा माणूस एकाच नावाने ओळखला जाई.

आता पिशवीकडे. पेशवे दप्तरातले कागद फायलींत नसतात, ते ‘रुमाला’त असतात. रुमाल म्हणजे चौकोनी कापड. त्यात कागदांचा गठ्ठा ठेवून वर गाठ मारायची. पहिल्यांदा तो रुमाल सोडताना हात थरथरतो, हे हे काम करणारा कोणीही सांगेल. जुन्या कारकुनाचं दप्तर म्हणजे नुसता मजकूर नव्हे. कापडात बांधलेला, काखेत धरून नेता येणारा गठ्ठा, तेच दप्तर. शाळेत जाणारं पोर पाटी, पुस्तक फडक्यात बांधून नेऊ लागलं, तेव्हा त्या गाठोड्याला वेगळं नाव कशाला शोधायचं? कागदांवरून गठ्ठा, गठ्ठ्यावरून पिशवी, हा प्रवास मला तरी सरळ दिसतो. यात ऐकण्यातली गफलत कुठेच नाही.

नागपूरकर, तुमच्या हिंदीकडेच बघा. तिथे शाळेची पिशवी म्हणजे ‘बस्ता’. फार्सीत बस्ता म्हणजे बांधलेलं. ‘ठंडे बस्ते में डालना’ म्हणजे प्रकरण बाजूला टाकणं. तो बस्ता शाळेतला नाही, कचेरीतला, कागदपत्रांचा आहे. आणि मराठीत काय म्हणतात? ‘प्रकरण दप्तरी दाखल झालं.’ दोन्ही भाषांनी कारकुनाचं गाठोडंच मुलाच्या पाठीवर दिलं. हिंदीने बांधणीवरून नाव घेतलं, मराठीने आतल्या मालावरून. (अवांतर : आपल्याकडे ‘बस्ता बांधणे’ म्हणजे लग्नाचे कपडे खरेदी करणे. त्याही शब्दाने गाठ सोडलेली नाही.)

स्वभाषाप्रेमी

सगळी चर्चा वाचली. कोणीच विचारत नाही की हा शब्द आपल्याला हवाच का? शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो हौस म्हणून नाही. पेशवा, मुजुमदार, सुरनीस ही नावं जाऊन पंतप्रधान, अमात्य, सचिव आले. सरनोबताचा सेनापती झाला. स्वतंत्र राज्याला स्वतःची भाषा लागते, हा विचार त्यामागे होता. कागदपत्रांना ‘अभिलेख’ आहे, कचेरीला ‘कार्यालय’ आहे. मुलाच्या पिशवीलाही आपला शब्द घडवता येईल. परक्या शब्दाचे पाच देशांतले पाच अर्थ पाठ करण्यापेक्षा ते काम महत्त्वाचं.

मोडीवाचक

@स्वभाषाप्रेमी, आदराने सांगतो, तो कोश राज्यव्यवहारासाठी होता, नावातच आहे. आणि तो होऊनही पुढे शंभर वर्षं मराठी राज्य चालवणाऱ्या पदाला लोक ‘पेशवा’च म्हणत राहिले. ‘रुमाल’ही फार्सी, ‘कागद’ही तिकडचाच. हे सगळं उपसून काढलं तर आपल्या इतिहासाचं मूळ साधन वाचताच येणार नाही.

स्वभाषाप्रेमी

पेशवा टिकला हे खरं. पण सेनापती, सचिव, अमात्य हेही टिकले. सावरकरांनी ‘महापौर’, ‘दिनांक’ दिले तेव्हा लोक हसले होते. आज भाषाशुद्धीला नावं ठेवणारेही अर्जावर दिनांक लिहितात. घडवलेला शब्द रुजत नाही असं कोणी म्हणू नये.

पाटीपेन्सिल

दिनांकाचं पटलं, काका. पण ‘दिनांक’ अर्जावर राहिला आणि बोलण्यात ‘तारीख’ राहिली, हेही तितकंच खरं. मूल सकाळी घाईत जो शब्द उच्चारतं, तो समितीने दिलेला नसतो.

घसा_कान_नाक

मी डॉक्टर आहे, म्हणून एक भर. 1826 साली ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या रोगाला त्याच ग्रीक ‘डिफ्थेरा’वरून नाव दिलं. तोच डिफ्थेरिया, आपला घटसर्प. शाळेत जाण्याआधी मुलाला ज्या रोगाची लस देतो तो आणि मुलाच्या पाठीवरचं दप्तर, दोन्ही नावं एकाच कातड्याची. मूळ एक असूनही एकाचा अर्थ सांगून दुसऱ्याचा कळत नाही. म्हणून व्युत्पत्ती हा अर्थाचा पुरावा मानू नये, या पाटीपेन्सिलच्या मुद्द्याला अनुमोदन.

बाई_सातारकर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुम्ही दप्तराच्या अर्थावर भांडताय, पण शब्दच निसटतोय याकडे कोणाचं लक्ष नाही. माझ्या वर्गातली मुलं अजून ‘बाई, दप्तरात राहिली वही’ म्हणतात. शहरातून सुट्टीला आलेली त्यांची भावंडं मात्र ‘बॅग’ म्हणतात, आणि काही दिवसांत आमचीही तेच म्हणू लागतात. 2020 च्या राष्ट्रीय धोरणात पिशवीचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको असं आलं, तेव्हा बातम्यांत ‘दप्तराचं ओझं’ पुन्हा झळकलं. शहरातल्या त्या भावंडांच्या घरी हा शब्द बातमीपुरताच उरलाय.

म्हणून माझा नागपूरकरांना आणि स्वभाषाप्रेमींना एकच प्रश्न. दप्तर चुकीचं ठरवलंत, तर मूल ‘कार्यालय’कडे वळणार नाही आणि ‘पाटीपिशवी’सारख्या नव्याने घडवलेल्या शब्दाकडेही नाही. ते सरळ ‘बॅग’ म्हणेल. हे तुम्हाला चालणार आहे का?

नागपूरकर

बाई, नाही चालणार. मोडीवाचकांचा रुमाल आणि बस्त्याचा मुद्दाही पटला. गफलत हा शब्द मी मागे घेतो. पण पुस्तिकेत पहिला अर्थ कोणता द्यायचा यावर मी ठाम आहे. पहिला अर्थ ‘कागदपत्रं, नोंदी’ असावा, दुसरा ‘शाळेची पिशवी’. कारण पिशवी मुलाला घरीच कळते. ग्रामपंचायतीचं दप्तर तपासायला मागणारा नागरिक मात्र आपसूक घडत नाही. 2005 साली शासकीय कामातल्या विलंबाला आळा घालणारा कायदा झाला, त्याला लोक ‘दप्तर दिरंगाई’चा कायदा म्हणतात. त्या कायद्याच्या जोरावर अर्ज करणारा तरुण जर दप्तर म्हणजे फक्त पाठीवरची पिशवी समजत असेल, तर आपण त्याला काय शिकवलं?

पाटीपेन्सिल

क्रम मात्र मी उलटा ठेवेन. पुस्तिका आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नोंद अशी सुचवतेय : ‘दप्तर – 1. पाटी, वह्या, पुस्तकं ठेवून शाळेत न्यायची पिशवी. 2. कचेरीत जपून ठेवलेली कागदपत्रं. जसे, ग्रामपंचायतीचे दप्तर, पेशवे दप्तर.’ खाली एक ओळ : ‘जुन्या काळी हे कागद कापडात बांधून ठेवत.’ ओळखीच्या वस्तूवरून अनोळखी गोष्टीकडे नेता येतं, उलट नेलं तर मूल पहिल्याच ओळीला पान उलटतं.

नागपूरकर

खालची ओळ ठेवा, ती फार चांगली आहे. क्रमाबद्दल अजूनही असहमत. वाचनालयाच्या बैठकीत माझं मत लेखी मांडा.