लॅब्राडॉर कुत्र्याला लांबच्या फ्लाइटने न्यायचंय, झोपेची गोळी द्यावी का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, आम्ही दुसऱ्या देशात शिफ्ट होतोय आणि आमच्या लॅब्राडॉरला सोबत न्यायचंय, फ्लाइट चांगलीच लांब आहे. वजनामुळे केबिनमध्ये घेत नाहीत म्हणजे खाली होल्डमध्येच (सामानाच्या कप्प्यात) जाणार. एकटा कसा राहील या विचाराने माझा जीव वरखाली होतोय. एकजण म्हणाले गोळी देऊन टाका, पोचेपर्यंत झोपेल. देऊ का?

उत्तर १:
गोळी अजिबात नको. गुंगीच्या औषधाने बीपी उतरतं, श्वास मंदावतो, क्रेट (प्रवासाचा पिंजरा) हलला की कुत्र्याला तोल सावरता येत नाही आणि तिथे बघायला कोणी नसतं. गुंगीतला कुत्रा दिसला तर बऱ्याच एअरलाइन्स चेक-इनलाच परत पाठवतात. जनावरं ठेवतात तो होल्ड केबिनसारखाच प्रेशराइज्ड असतो, तापमानही सांभाळतात आणि कॅप्टनला आधी लेखी कळवलेलं असतं, तेव्हा ती भीती काढून टाका.
खरी मेहनत क्रेटची. तो आत्ताच आणा, दार काढून हॉलमध्ये ठेवा, जेवण आतच द्या, मग हळूहळू दार लावून बसवायची सवय करा. स्वतःहून आत जाऊन पसरायला लागला की समजा जमलं. माप आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमाने घ्या: नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी अधिक कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचा अर्धा भाग, रुंदी खांद्यांच्या दुप्पट, आणि उभा राहिल्यावर डोकं किंवा कान छताला लागता कामा नयेत. प्लास्टिकच्या क्लिपांऐवजी मेटलचे नटबोल्ट लावा. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवा, बर्फ सावकाश वितळतो, लोडिंगच्या वेळी सांडत नाही.

उत्तर २:
वरच्यांशी सहमत, फक्त एक सांगते, धोका हवेत कमी आणि जमिनीवर जास्त, उन्हात धावपट्टीजवळ क्रेट थांबून राहतो तेव्हा. म्हणून शक्यतो डायरेक्ट फ्लाइट, उन्हाळ्यात रात्रीची किंवा पहाटेची. पग, बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे असतील तर जास्तच जपावं लागतं, त्यांना धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही आणि कित्येक एअरलाइन्स त्यांना होल्डमध्ये घेतच नाहीत. लॅबचं तेवढं नाही, पण वजन जास्त असेल तर आत्तापासून थोडं उतरवा.

प्रश्नकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे! गोळी कॅन्सल. रेबीजचं इंजेक्शन झालंय पण ओळखीची चिप (कातडीखाली बसवतात ती) अजून बसवलेली नाही, चालेल ना?

उत्तर १:
नाही चालणार बहुतेक. बऱ्याच देशांत आधी १५ आकडी मायक्रोचिप आणि मगच रेबीज असा क्रम लागतो, चिपच्या आधीचं इंजेक्शन धरत नाहीत. युरोपात तर काही देशांतून येणाऱ्या कुत्र्याची रक्ततपासणीही मागतात, लसीने तयार झालेल्या अँटिबॉडी निदान ०.५ आययू (मोजायचं एकक) प्रति मिली लागतात, सॅम्पल इंजेक्शननंतर ३० दिवसांनी आणि सॅम्पल घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. उद्याच डॉक्टरांकडे जाऊन चिप बसवा, नवीन इंजेक्शनचं विचारा, तिकीट त्यानंतर काढा.