वाहतूक वारशाच्या व्याख्यानात माल कुठंय?

कुर्डुवाडीचा नातू
गेल्या रविवारी "वाहतूक वारसा आणि मालवाहतुकीचा इतिहास" असं नाव दिलेलं व्याख्यान ऐकून आलो. दीड तास. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, साहिब-सिंध-सुलतान ही तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, मग डेक्कन क्वीन, मग माथेरान, मग ट्राम. मालवाहतुकीला शेवटी पाच मिनिटं, तीही घाईत.

अहो, रेल्वे इकडे आली ती काय आपल्याला ठाण्याला फिरवून आणायला? वऱ्हाड-खानदेशातला कापूस बंदरावर लवकर पोचावा म्हणून मँचेस्टरचे गिरणीवाले सरकारच्या मागे लागले होते. ते मधोमध ठेवून बोला ना.

माझे आजोबा कुर्डुवाडीला हमाल होते. बार्शी लाईट ही छोटी रेल्वे १८९७ ला सुरू झाली, तिचे रूळ अडीच फुटी आणि मेन लाईन साडेपाच फुटी, त्यामुळे बार्शीकडून येणारं पोतं न पोतं कुर्डुवाडीत छोट्या वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, काढायचं आणि मोठ्या वाघिणीत चढवायचं, पाठीवरून, आणि तिकडं जाणारा माल परत उलटा. ही लाईन उभारणाऱ्या कॅलथ्रॉप साहेबानं चाकांच्या प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशा बेतानं सगळी गाडी बसवली म्हणून हलक्या रुळांवर काम भागलं, हे वक्त्यांनी छान समजावलं, खरंच छान. पण रुळांवरचा खर्च वाचला तो कुणाच्या पाठीवर आला, यावर एक वाक्य नाही.

वाफाळ
तुमचा राग कळतो पण मला पटत नाही. लोक येतात ते इंजिनासाठी. मी स्वतः वडिलांच्या खांद्यावर बसून नेरळची छोटी गाडी पाहिली आणि तिथून हे वेड लागलं. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम निघाली तेव्हा लोक रस्त्यावर उभे राहिले, त्यात लटकले. असं प्रेम असतं म्हणून वस्तू टिकतात, म्युझियम उभी राहतात. मालाच्या पावत्या आणि टनांचे तक्ते दाखवले तर दहा मिनिटांत हॉल रिकामा होईल. आधी माणसं जमू देत, मग कापूस सांगा. आणि इंजिन म्हणजे नुसती शोभेची वस्तू नाही हो, भोर घाटात ३७ ला १, म्हणजे ३७ फुटांमागे एक फूट, असा चढ आहे, तो कसा चढला हे कळल्याशिवाय तुमचा कापूस तरी मुंबईला कसा आला हे कळणार आहे का?

कुर्डुवाडीचा नातू
भोर घाटाचंच घ्या मग. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ ला इथं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि पुढं त्याच्या बायकोनं, अॅलिसनं ठेका सांभाळला, हे प्रत्येक व्याख्यानात येतं आणि ऐकायला आवडतंच. पण जानेवारी १८६१ मध्ये त्या घाटात ४२,००० माणसं कामावर होती, पटकीनं किती गेली, हे कुठं येतं? गोष्ट सांगूनच लोक धरायचे असतील तर ही पण गोष्टच आहे की.

नाणेघाट
दोघंही रेल्वेतच अडकलात. त्याआधी दोन हजार वर्षं माल चालतच होता की! नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, वर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, कल्याणकडून जुन्नरला जाणारी वाट ती. आणि लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोणी टाकून कोकणातलं मीठ वर आणायचे, धान्य खाली न्यायचे. गाडीरस्ता आणि रेल्वे झाल्यावर त्यांचा धंदाच बसला. यावर एक अख्खं व्याख्यान ठेवा, मी पहिल्या रांगेत बसतो.

गोदीवाल्याचा मुलगा
मी जरा वेगळं आणि कदाचित कडू बोलतो. माझे वडील मुंबईच्या गोदीत होते. पाठीवर पोतं आणि हातात पोतं ओढायचा लोखंडी आकडा, याला "वारसा" म्हणू नका कृपया. किल्ला वारसा असतो, इंजिन असेल. माणसाची मोडलेली कंबर वारसा कशी? आधी क्विंटलचं पोतं असायचं, आता ५० किलोचं, ते कुणी प्रेमानं कमी केलं नाही, हमाल पंचायत आणि माथाडी लढले, १९६९ चा माथाडी कायदा त्यातून आला. आणि १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरमधून यायला लागला, तसं मुंबई गोदीतलं हातांचं काम आटत गेलं. हे कामगार चळवळीच्या सभेत बोलायचं आहे, गणवेशातल्या इंजिन ड्रायव्हरच्या फोटोशेजारी नाही. तिथं ते नुसतं पाहण्याची चीज होतं.

कुर्डुवाडीचा नातू
दादा, तुमचं वाचून दोन दिवस गप्प होतो. पण वेगळ्या सभेत ठेवलं तर ते ऐकायला आधीच माहीत असलेलेच येणार. मला तर वाटतं पोतं १०० वरून ५० वर आलं ही मालवाहतुकीच्या इतिहासातली भोर घाटाएवढी मोठी गोष्ट आहे, आणि ती इंजिनवाल्यांच्या समोरच सांगायला हवी, कारण ते बाकी सगळ्याचे आकडे पाठ म्हणतात. मोडलेल्या कंबरेला मी वारसा म्हणत नाही. काम कसं चालायचं, टोळी कशी ठरायची, मुकादम मजुरीतून किती कापायचा, हे ज्ञान म्हणतोय. ते लिहून ठेवलेलं नाही आणि सांगणारे जातायत.

वाफाळ
आठवलं म्हणून. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली ना, पहिल्या फेरीला १० टाकी-वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. ती जवळपास जुन्या बार्शी लाईटच्याच वाटेनं गेली. मी तिचे फोटो काढले होते, नुसत्या इंजिनाचे. पाणी भरणाऱ्या माणसांचा एकही नाही. तरी माझं मत तेच, सुरुवात इंजिनानं करा. पण त्या माणसांचे फोटो काढायला पाहिजे होते.

नाणेघाट
मिठाचं विसरू नका पण.

गोदीवाल्याचा मुलगा
वडिलांना विचारलं. म्हणाले सांगेन, पण स्टेजवर नाही, कुणी घरी येऊन बसलं तर. आणि मुकादमाचं सगळं सांगणार, कुणाला बरं वाटो न वाटो. वारसा हा शब्द मला अजून मान्य नाही. त्यांचा आकडा माळ्यावर आहे, तो प्रदर्शनाला मिळणार नाही.

कुर्डुवाडीचा नातू
आकडा नको. पुढच्या रविवारी येऊ का?