गिधाडं आणि माणसांचे मृत्यू: संबंध इतका हवेतला नाही

'गिधाडं संपली म्हणून पाच लाख माणसं मेली, हे काय गणित आहे?' असं या चर्चेत विचारलंय. शंका रास्त आहे, पण हा दावा ज्यांच्या अभ्यासातला आहे त्या फ्रँक आणि सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी नुसते दोन आलेख शेजारी ठेवलेले नाहीत. गिधाडांना पोषक जिल्हे आणि फारशी पोषक नसलेले जिल्हे, असे दोन गट करून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध स्वस्त होण्याआधीचा आणि नंतरचा मृत्युदर त्यांनी ताडून पाहिला. आधी दोन्ही गट साधारण सारखेच चालत होते. औषध गुरांना सर्रास द्यायला लागले, मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, गिधाडं संपल्यावर मेलेली गुरं उघड्यावर कुजत राहून रोगराईला वाव मिळाला, आणि पोषक जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढला. पाच लाख हा आकडा २००० ते २००५ मधला, आणि तो अंदाज आहे, मोजलेली प्रेतं नव्हेत.

माझी खरी अडचण वेगळीच. त्या काळी अनेक राज्यांत मृत्युनोंदणी अपुरी होती. दोन्ही गटांत सारखीच अपुरी असेल तर निष्कर्षाला धक्का नाही. एकीकडे ती झपाट्यानं सुधारली असेल तर मात्र घोळ. चर्चा यावर व्हावी.

बाकी, हरियाणातल्या पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्राहून २०२४ मध्ये आपल्या पेंचला लांब चोचीची गिधाडं आणली, ते छानच. पण गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, आणि माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातात म्हणून २०१५ मध्ये त्यांचाही आकार कमी करावा लागला. पेंचजवळच्या रामटेककडच्या गोठ्यांत आज काय टोचतात, हे कुणी पशुवैद्य इथे असतील तर सांगा ना.