‘किनशिप केअरर’ला मराठीत काय म्हणाल?

धागाकर्ती:
इंग्लंडमधल्या ‘किनशिप’ या संस्थेच्या इतिहासावर आमच्या वाचनगटासाठी टिपण लिहिते आहे. ज्या मुलांना आईवडील सांभाळू शकत नाहीत, त्यांना आजी, मावशी, काका किंवा मोठी बहीण सांभाळते. या सांभाळणाऱ्यांसाठी ही संस्था आहे. त्यांना तिकडे ‘किनशिप केअरर’ म्हणतात. भाषांतरयंत्राने ‘नातेवाईक काळजीवाहक’ असं सुचवलं. ते वाचून मला दवाखान्यातली रात्रपाळी आठवते, आजी नाही.

संदर्भासाठी थोडं सांगते. २००१मध्ये समाजशास्त्रज्ञ मायकल यंग आणि समाजकार्यकर्त्या जीन स्टॉगडन यांनी ‘ग्रँडपेरेंट्स प्लस’ या नावाने ती सुरू केली. यंग म्हणजे ‘मेरिटॉक्रसी’ (गुणवंतांचं राज्य) हा शब्द १९५८मध्ये टोमणा म्हणून रूढ करणारे गृहस्थ. लोकांनी तो कौतुकाचा करून टाकला. त्याआधी, १९५७मध्ये, पीटर विल्मॉट यांच्यासह त्यांनी पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीचा अभ्यास छापला होता. तिथली लग्न झालेली मुलगी आईच्या हाकेच्या अंतरावर राहायची आणि नातवंडांचा अर्धा दिवस आजीकडे जायचा. पालिकेने कुटुंबं शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत हलवली की हे सगळं विस्कटायचं. त्या पुस्तकाच्या नावातही ‘किनशिप’ होतंच. यंग जानेवारी २००२मध्ये गेले, संस्था वाढत गेली, आणि २०२१मध्ये तिनेही ‘किनशिप’ हेच नाव घेतलं.

नागपूरकर:
‘पालक’ म्हणा की! आपल्याकडे पालक म्हणजे पाळणारा, जन्म देणाराच असला पाहिजे असं कुठे आहे? पालकमंत्री काय जिल्ह्याचे वडील असतात?

एक वकील:
पालकमंत्र्यांचा दाखला नेमका आहे. कायद्याच्या मराठीतही तसंच आहे. १८९०च्या ‘गार्डियन्स अँड वॉर्ड्स’ कायद्याला आपण ‘पालक आणि पाल्य अधिनियम’ म्हणतो. म्हणजे गार्डियन तो पालक आणि वॉर्ड ते पाल्य. शाळेने मात्र ‘पाल्य’ म्हणजे सरळ तुमचा मुलगा किंवा मुलगी असं करून टाकलं. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात तर ‘नैसर्गिक पालक’ असा शब्दप्रयोग आहे. पालक नैसर्गिक असा वेगळा सांगावा लागतो, याचा अर्थ मूळ शब्दात जन्माचं नातं गृहीत नाही.

पण ‘पालक’ हा शब्द इथे वापरू नका, असंच मी सांगेन. शाळेत आजी सही करते आणि ती चालते. बँकेत, पासपोर्टला, ऑपरेशनच्या संमतीला तीच आजी उभी राहिली की ‘पालक कुठे आहेत?’ असं विचारतात. अडचण असते ती नेमकी तिच्याकडे कागद नसण्याची. सगळ्यांना पालक म्हटलं की ती अडचणच दिसेनाशी होते. इंग्लंडमध्ये यासाठीच २००२च्या कायद्याने ‘स्पेशल गार्डियनशिप’ आणली आणि २००५च्या अखेरीस ती लागू झाली. आईबापांशी नातं तुटत नाही, पण रोजचे निर्णय सांभाळणाऱ्याच्या हाती येतात.

बीडकर:
आमच्याकडं आईबाप ऊसतोडीला, कोयत्यावर गेले की लेकरं म्हातारीजवळ. दिवाळीनंतर जातात ते पार उन्हाळ्यातच परत. त्या म्हातारीला कुणी पालक म्हणत नाही आणि काळजीवाहक तर मुळीच नाही. ‘लेकरं आजीजवळ हायेत’ एवढंच. ‘जवळ असणं’ यातच सगळं आलं. नाम कशाला पाहिजे?

धागाकर्ती:
बोलताना नाही लागत, खरंय. पण संस्थेचं काम सांगायचं तर नाम लागतंच. तिची सल्ल्याची हेल्पलाइन आहे, सांभाळणाऱ्यांचे गट आहेत, आणि सरकारकडे भत्त्याची, रजेची मागणी आहे. दत्तक घेणाऱ्याला तिकडे कायद्याने रजा मिळते. एका रात्रीत दोन नातवंडं घरी आलेल्या, नोकरी करणाऱ्या आजीला मिळत नाही. आता ‘ज्यांच्याजवळ लेकरं आहेत त्यांना रजा द्या’ असं निवेदनात कसं लिहायचं?

कोल्हापूरची वाचक:
‘नातेपालक’ कसा वाटतो? आपल्याकडे नात्यांची कमतरता नाही. उलट इंग्रजीत अंकल-आँटवर भागवतात. २०१५च्या बाल न्याय कायद्यात दत्तकासाठी ‘नातलग’ कोण, तर पितृपक्षाचे किंवा मातृपक्षाचे अंकल-आँट आणि दोन्हीकडचे आजीआजोबा. मराठीत तेच काका, आत्या, मामा, मावशी असं चार शब्दांत संपतं. मोठी बहीण त्या यादीत नाहीच, हे मला फार खटकतं. कितीतरी घरांत तीच सांभाळते.

आणि ‘माय मरो पण मावशी जगो’ हे कुणी अजून कसं लिहिलं नाही? किनशिप केअरचं याहून थेट वर्णन मला तरी ठाऊक नाही.

नागपूरकर:
ती म्हण मावशीच्या बाजूची आहे. आत्याच्या बाजूची एखादी सापडली तर सांगा, आमच्या घरी दोन्हीकडची माणसं वाचतात.

रेडिंगहून:
इथे इंग्लंडमध्येच राहते, म्हणून एक मुद्दा. ‘नातेपालक’ इथल्या अर्थाला पुरत नाही. किनशिप केअरमध्ये कुटुंबाचे मित्रही येतात. सरकारी कागदांत बराच काळ ‘फॅमिली अँड फ्रेंड्स केअर’ असंच लिहीत, आणि ‘कनेक्टेड पर्सन’ हा आणखी एक शब्द आहे. शेजारच्या काकू, आईची जिवलग मैत्रीण, जुन्या शिक्षिका. मुलाला त्या माणसाची आधीपासून ओळख हवी, रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. संस्थेच्या जुन्या नावातलं ‘प्लस’ही आजीआजोबांपलीकडच्या गोतावळ्यासाठीच होतं.

संस्कृतचे शिक्षक:
मग ‘आप्त’ घ्या. आज आप्त म्हणजे नातेवाईक, पण मूळ अर्थ ज्याच्यावर विसंबता येतं तो. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, आप्तवाक्य हे प्रमाण मानतात ते वक्ता विश्वासू असतो म्हणून, तो मामा लागतो म्हणून नाही. ‘आप्तेष्ट’ या शब्दात इष्ट, म्हणजे मित्रही, आलेच. तेव्हा ‘आप्तपालक’. समास साधा आहे, उच्चाराला अडखळत नाही आणि शेजारच्या काकूंनाही सामावून घेतो.

बीडकर:
‘आप्तेष्ट’ फक्त लग्नपत्रिकेत दिसतो हो. आमची म्हातारी म्हणंल, कुणाचं लगीन हाय?

एक वकील:
पण ‘आप्तपालक’ मला पटतो, आणि त्याचं एक कारण व्यवहारातलं आहे. फॉस्टर केअरसाठी ‘प्रतिपालकत्व’ हा शब्द आधीच वापरात आहे. त्याच्या शेजारी ‘आप्तपालकत्व’ नीट बसतो. एकात सरकारने निवडलेलं अनोळखी घर, दुसऱ्यात मुलाच्या ओळखीचं. ‘बालसंगोपन’ मात्र दोन्हींपासून वेगळा ठेवा, ते योजनेचं नाव आहे. महाराष्ट्रात ‘क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना’ आहे आणि तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. त्याआधी १,१०० होते, त्याच्याही आधी ४२५. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांपर्यंत सरकारी पैसा पोचण्याची आपल्याकडची नेहमीची वाट हीच.

कोल्हापूरची वाचक:
योजनेच्या नावावरून आठवलं. जोतीराव तान्हे असतानाच आई चिमणाबाई गेल्या, आणि त्यांना वाढवलं नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी. त्या विधवा होत्या. फुले दांपत्याच्या शाळांच्या कामातही पुढे त्या होत्या. सगुणाबाईंना काय म्हणायचे? ‘आऊ’. चला, आणखी एक नाव मिळालं!

नागपूरकर:
‘आऊ’ला मत देतो, पण निवेदनात लिहिता येणार नाही. आजोबांनी काय करायचं?

धागाकर्ती:
ठरवते आहे ते असं. संस्थेचं नाव ‘किनशिप’ देवनागरीत तसंच ठेवणार, विशेषनामाचं भाषांतर नको. किनशिप केअररला पहिल्यांदा ‘मुलांना सांभाळणारे आप्त’ असं पूर्ण लिहीन आणि पुढे ‘आप्तपालक’. ‘केअरर’ एकटाच आला तर ‘सांभाळणारे’. काळजीवाहक कुठेही नाही. संस्थेच्या मजकुरात ‘पेरेंट्स’ वेगळे आले की ‘आईवडील’ लिहीन, म्हणजे ‘पालक’वरून गोंधळ होणार नाही. वाक्य आता असं झालं: ‘आईवडील आणि आप्तपालक यांच्यात मुलाला भेटण्यावरून वाद झाला, तर संस्था आप्तपालकांना सल्ला देते.’

रेडिंगहून:
वाक्य चांगलं आहे. फक्त ‘वाद झाला’ऐवजी ‘प्रश्न आला’ लिही. आई बहुतेक वेळा त्याच आजीची मुलगी असते.

धागाकर्ती:
बदललं.