लावोच्या द्राक्षमळ्यांतील जुनी गावे पायी पाहायची असल्यास कोणती वाट धरावी?

प्रश्न : सांजफेरी, पुणे

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दोघे स्वित्झर्लंडमध्ये लोझानला लेकीकडे जात आहोत. युंगफ्राऊ, टिटलिस वगैरे ठिकाणे पूर्वी एका सहलीबरोबर घड्याळाच्या काट्यावर पाहून झाली आहेत. त्यामुळे या वेळी लोझान आणि व्हेवे यांच्या दरम्यान, जिनिव्हा सरोवराच्या काठाने पसरलेल्या लावोच्या द्राक्षमळ्यांमधील गावे सावकाश पायी पाहावीत, असा विचार आहे. आम्ही दोघेही साठी ओलांडलेले असून रोज तळजाईवर फिरायला जातो. मात्र यजमानांचा एक गुडघा अधूनमधून कुरकुरतो.

सुरुवात कोणत्या गावापासून करावी, सगळी वाट चाललीच पाहिजे का, आणि द्राक्षतोडणीच्या दिवसांत मळ्यांतील वाटा बंद असतात का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. यजमान वाईन चाखतील, मी मात्र घेत नाही. छायाचित्रांपुरता देखावा पाहून परतण्यापेक्षा ती गावे तशी का वसली, हे कळले तर अधिक आवडेल.

उत्तर १ : लोझानवासी

पूर्ण वाट म्हणजे ल्युत्री ते सँ-साफोराँ. अंतर सुमारे ११ किलोमीटर असून न थांबता चालल्यास सव्वातीन ते साडेतीन तास लागतात. परंतु न थांबता चालायचे असेल तर तिथे जाण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गावे एकमेकांपासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक गावाच्या पायथ्याशी, सरोवरालगत, रेल्वेचे छोटे स्थानक आहे; त्यामुळे दमल्यावर वाट कुठेही सोडता येते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे धरता येते.

तुम्हाला मी ग्राँवोपासून सुरुवात करण्याचे सुचवीन. ग्राँवोचे स्थानक बर्नकडे जाणाऱ्या मार्गावर, उतारावर बरेच उंच आहे, त्यामुळे चढण्याचे काम गाडीच करते. तिथून रिये आणि एपेस ही दोन गावे घेत, देझालेच्या मळ्यांमधून रिव्हा आणि शेवटी सँ-साफोराँ असे पूर्वेकडे चालत जावे. ल्युत्रीकडे तोंड करून चालणाऱ्यांना दुपारनंतर डोळ्यांवर ऊन येते. पूर्वेकडे चालणाऱ्यांच्या पाठीशी ऊन असते आणि समोर ऱ्होनच्या खोऱ्याकडील डोंगर उजळलेले दिसतात. त्यात एपेस ते रिव्हा हा टप्पा चुकवू नये. तिथे मळे इतके खडे आहेत की एका वेलीच्या मुळाशी उभे राहिल्यावर खालच्या वेलीचा शेंडा पावलांच्याही खाली दिसतो. भिंतींतून पुढे काढलेले दगडी पायटे, पाणी झिरपून जावे म्हणून ठेवलेली भोके आणि माल वाहण्यासाठी बसवलेला एकच दातेरी रूळ, हे सारे वाटेवरून अगदी हाताच्या अंतरावर पाहता येते. तोडणीच्या दिवसांत त्या रुळावरून क्रेट भरलेली इवलीशी गाडी खडखडत वर जाते. ती पाहण्यासाठी मी आजही थांबतो.

वाटा सार्वजनिक आहेत आणि तोडणीच्या दिवसांतही लोक त्यांवरून चालतात. फक्त ट्रॅक्टर आला की भिंतीला टेकून त्याला जागा द्यावी, ओळींमध्ये शिरू नये आणि घडाला हात लावू नये. दिशादर्शक फलक पिवळे असून त्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर वेळेत लिहिलेले असते. त्या वेळेत तुम्ही आपल्या चालीप्रमाणे भर घालावी. वाट बव्हंशी काँक्रीटची किंवा डांबरी आहे आणि सावली जवळजवळ नाही, म्हणून टोपी आवश्यक. पाण्याची काळजी नको, कारण गावोगावच्या दगडी कुंडांना पिण्याचे पाणी असते. जिथे ते पिण्याजोगे नसते तिथे तशी पाटी लावलेली असते. रेल्वेचे तिकीट विभागांनुसार आणि ठरावीक मुदतीचे मिळते, त्या मुदतीत हवे तिथे उतरून पुन्हा चढता येते. दिवसभर फिरायचे असल्यास दिवसाचेच तिकीट घ्यावे.

उत्तर २ : बागाईतदार, निफाड

मी द्राक्षबागाईतदार असल्यामुळे माझे लक्ष गावांपेक्षा बागांकडे अधिक गेले, ते या निमित्ताने सांगतो.

आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही; म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन छाटण्या घेऊन आपणच तिचे वर्ष ठरवून देतो. लावोमध्ये थंडीने पाने गळतात, वेल झोपी जाते आणि हिवाळा सरताना एकच छाटणी होते. तुम्ही सप्टेंबरच्या अखेरीस जात असल्यामुळे माल उतरताना पाहायला मिळेल. तिथले मुख्य वाण शास्ला हे पांढरे द्राक्ष आहे. उन्हाकडील बाजूचे मणी पिकताना सोनेरी-तांबूस होतात, ते जवळून पाहा.

आम्ही ऊन आणि पिंक बेरी (मणी गुलाबी पडणे) यांपासून वाचवण्यासाठी घडांना कागद गुंडाळतो. तिथे सगळा खटाटोप नेमका उलट, म्हणजे ऊन साठवण्याचा आहे. तिथले लोक तीन सूर्यांची गोष्ट सांगतात: एक आकाशातला, दुसरा सरोवराच्या पाण्यावरून परावर्तित होणारा, आणि तिसरा दगडी भिंतींमध्ये दिवसभर साठून रात्री बाहेर पडणारा. संध्याकाळी भिंतीला तळहात लावून पाहिल्यास तिसऱ्याची खात्री पटते. या भिंतींची एकत्रित लांबी चारशे किलोमीटरहून अधिक सांगितली जाते, आणि पूर्वी पावसाने माती खाली वाहून आली की मजूर ती पाठीवरच्या टोपल्यांतून पुन्हा वर नेऊन टाकत. मजुरीचा आजचा दर ठाऊक असलेल्या माणसाला हे वाचूनच घाम फुटेल.

एक साम्यही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने युरोपातील बागा उजाड केल्या, तेव्हापासून तिथेही वेल अमेरिकन खुंटावर कलम करूनच लावली जाते. आपण क्षारपड जमीन आणि पाण्याची टंचाई यांसाठी डॉगरिज या अमेरिकन खुंटावर कलम करतो. कारण वेगळे असले तरी जमिनीखालचा आधार तिथेही परकाच आहे.

उत्तर ३ : जुनी पाने

ती गावे तशी का वसली, या प्रश्नाकडे वळतो. मळ्यांच्या आज दिसणाऱ्या पायऱ्यांची सुरुवात ११व्या शतकाच्या सुमारास झाली असे मानले जाते. त्या काळी हा भाग बेनेडिक्टाइन आणि सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथांच्या मठांच्या ताब्यात होता. देझालेचा उभा उतार सिस्टर्शियन भिक्षूंनी १२व्या शतकात लागवडीखाली आणला. १५३६ मध्ये बर्नने हा व्हो प्रांत जिंकला, धर्मसुधारणा झाली आणि मठांच्या जमिनी गेल्या. देझालेतील मठांचे काही मळे लोझान नगरीकडे आले आणि आजही तिच्याच मालकीचे आहेत. त्यांच्या वाईनचा दर डिसेंबरमध्ये लिलाव होतो. रिव्हाकडे जाताना भिंतींवर ठळक अक्षरांत लिहिलेली मळ्यांची नावे दिसतील. त्यांतील 'क्लो देझाबे' आणि 'क्लो दे म्वान' या नावांत मठ आणि भिक्षू अजून टिकून आहेत.

गावांची दाटी हा याच अर्थकारणाचा परिणाम होय. जिथे हातभर जमीनही वेलीसाठी राखायची, तिथे घरे आडवी पसरत नाहीत, ती उंच होतात. म्हणून अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली तीन-चार मजली घरे आणि रस्त्याच्या पातळीवर तळघराचे कमानदार दार, अशी रचना प्रत्येक गावात दिसते. सँ-साफोराँच्या चर्चमध्ये सम्राट क्लॉडियसच्या काळातील रोमन मैलाचा दगड आहे, तो आवर्जून पाहावा. क्युयी या सरोवराकाठच्या गावात मेजर दाव्हेल याचे स्मारक आहे. हा प्रांत बर्नच्या अमलातून सोडवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल १७२३ मध्ये त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

तरीही माझ्या मते या गावांच्या इतिहासातील सर्वांत निर्णायक तारीख मध्ययुगातली नाही. लोझानसारखे वाढते शहर शेजारी, समोर सरोवर आणि आल्प्स, अशा जागी बंगले उभे राहण्यास किती वेळ लागला असता, हे आपल्याकडची लोणावळ्याची किंवा मुळशीची अवस्था पाहिलेल्यांना सांगायला नको. १९७७ मध्ये फ्रान्झ वेबर या पर्यावरणवाद्याच्या पुढाकाराने व्हो प्रांतात मतदान झाले, लोकांनी कौल दिला आणि लावोचे संरक्षण प्रांताच्या घटनेत नोंदवले गेले. युनेस्कोची जागतिक वारसा यादी त्यानंतर तीस वर्षांनी, २००७ मध्ये आली. मधल्या काळात मळे शाबूत राहिले ते या मतदानामुळे.

उत्तर ४ : पायवाट

ग्राँवोपासून खाली, हा सल्ला देखाव्याच्या दृष्टीने योग्य आहे. पण कुरकुरणाऱ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो आणि काँक्रीटचा उतार तर अधिकच. माझ्या मते ग्राँवोऐवजी क्युयीहून निघावे, एपेसपर्यंत सावकाश चढावे, तिथे जेवण करावे आणि पुढे देझालेच्या मधल्या वाटेने रिव्हा गाठून गाडी धरावी. शेवटचा उतार टळत नाही, परंतु तो एकदाच आणि काठी टेकत उतरता येतो. सँ-साफोराँ दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे पाहावे. सहा-सात किलोमीटरचा हा पल्ला तळजाईच्या सवयीला मुळीच जास्त नाही.

सांजफेरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्युयी ते रिव्हा हा पल्ला पहिल्या दिवशी करायचा, हे आम्ही निश्चित केले आहे. आता फक्त दोन शंका उरल्या आहेत: यजमानांनी वाईन नेमकी कुठे चाखावी, आणि मी शाकाहारी तसेच मद्य न घेणारी असल्यामुळे माझ्या जेवणाचे काय?

लोझानवासी

गुडघ्याबाबत वरील सूचना माझ्या सूचनेपेक्षा सोयीची आहे, तीच पाळावी.

चाखण्यासाठी 'काव्हो' शोधावा. हे गावातील द्राक्षउत्पादकांनी पाळीपाळीने चालवलेले छोटे वाईनघर असते. आज एक कुटुंब ओतते, उद्या दुसरे. बहुतेक काव्हो आठवड्याच्या अखेरीस आणि दुपारनंतरच उघडतात, म्हणून शनिवार-रविवार साधावा. संपूर्ण बाटली घेण्याची गरज नसते. एक डेसिलिटरचा लहान पेला मागता येतो. यजमानांनी एपेस परिसरातील कालामँ आणि देझाले या दोन्ही मळ्यांची शास्ला पाठोपाठ चाखावी. मळे एकमेकांना लागून असूनही जमीन बदलते आणि चव बदलते. ही वाईन भारतात मिळण्याची आशा ठेवू नका, कारण स्विस वाईन देशाबाहेर फारच थोडी जाते.

तुमच्यासाठी द्राक्षरस मिळतो आणि तोडणीच्या दिवसांत ताजा रसही मिळण्याचा संभव असतो. फोंद्यू शाकाहारी म्हणून मागवू नका. त्यात चीज पांढऱ्या वाईनमध्येच वितळवतात आणि पुष्कळदा वरून चेरीची कडक दारूही घालतात. राक्लेत चालेल, कारण ते उकडलेल्या बटाट्यांवर घातलेले नुसते वितळलेले चीज असते. मात्र बाजूला सुके मांस वाढू नये, असे आधीच सांगावे. पाऊस आलाच तर रिव्हा स्थानकाजवळच्या 'लावो व्हिनोरामा' या केंद्रात शिरावे. तिथे उत्पादकाच्या वर्षभराच्या कामावरील लघुपट दाखवतात. आणि हवा चांगली असल्यास परतताना रेल्वेऐवजी रिव्हाच्या धक्क्यावरून बोट मिळते का, हे त्या दिवशीच्या वेळापत्रकात पाहून घ्यावे. जे मळे चालून आलात ते पाण्यावरून एका नजरेत दिसतात.