थंडीत शोभेची हळद आणि सोनटक्का: गड्डे काढायचे का?

टिळकवाडी गच्ची: कुंडीतल्या सियाम ट्यूलिपची (म्हणजे शोभेच्या हळदीची) पानं दिवाळीनंतर पिवळी पडलीत. सोनटक्का जमिनीत आहे, तो अजून हिरवागार. गड्डे काढू का? पाणी किती?

खानापूरची लाल माती: ट्यूलिपचं पाणी आत्ताच कमी करा, पानं वाळली की बंदच. बेळगावची थंडी त्याला मारत नाही, ओली माती मारते. पानं नसली की मुळं पाणी ओढत नाहीत, गड्डा कुजतो. कुंडीच कोरडी करून आडोशाला ठेवलीत तरी चालतं. काढणारच असाल तर गड्ड्याला लोंबणाऱ्या पांढऱ्या गाठी तोडू नका, नवा कोंब त्यांतल्या साठ्यावर वाढतो. न धुता सावलीत आठवडाभर सुकवा, मग कोरड्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुश्यात) पुरा. प्लॅस्टिकची पिशवी नकोच, आत घाम धरतो.

निपाणीकर: सोनटक्क्याला हात लावू नका. फुलून गेलेले दांडे तेवढे जमिनीलगत कापा, वर ३ इंच उसाचं पाचट पसरा. आपल्याकडे ते फुकट मिळतं! पाणी आठवड्यातून एकदा. काळ्या मातीत त्याहून कमी. बोट २ इंच खुपसून ओल लागली तर देऊच नका.

टिळकवाडी गच्ची: ट्यूलिप परत कधी लावू?

खानापूरची लाल माती: वळीव पडला की, मे महिन्यात. डोळा वर, २ इंच खोल. कोंब दिसेपर्यंत पाणी बेतानं. जानेवारीत लावलात तर कोंब येणार नाही आणि तुम्ही पाणी घालत बसाल.